ओळखीची दोन माणसं

चेतनाने आपल्या सीव्हीत एकही चूक राहू दिली नव्हती. नागझिऱ्याजवळच्या एका नव्या रिसॉर्टला रिसेप्शनवर बाई हवी होती, आणि मुलगी आचल झाल्यापासून घरीच असलेल्या चेतनाला ती नोकरी इतकी हवी होती, की इंटरनेटवरचे सगळे सल्ले तिने पाठ करून टाकले होते. कॉलेजातला 'एंजल चेतना' नावाचा ईमेल तिने बदलला. लग्नातल्या शालूतला फोटो काढून साधा लावला. छंदांतून 'गाणी ऐकणे' उडवलं. शेवटी ओळखीच्या दोन माणसांचे नंबर द्यायचे होते. नातेवाईक नकोत, असा सल्ला होता. म्हणून तिने मनिरामभाऊंचा नंबर दिला, ज्यांच्या मासेमारी सोसायटीचा हिशेब ती घरबसल्या लिहून द्यायची. आणि दुसरा शेजारच्या शकुंतलाबाईंचा, ज्या अंगणवाडीतून निवृत्त झाल्या होत्या.

त्या दोघांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

सकाळी ती आचलला भरवत होती, तोच मनिरामभाऊ सायकल घेऊन दारात उभे राहिले. चेहऱ्यावर वाघ मारून आल्याचा आनंद.

"बाई, आज तुले वाचवलो मी."

"कशापासून, भाऊ?"

"एक ठग फोन करून राहिला होता. म्हणे, चेतना बिसेनले ओळखता का, हिशेबात कशी आहे. मी म्हटलो, या नावाची बाई आमच्या गावातच नाही. आजकाल असंच गोड बोलतेत, मंग खातं साफ करतेत."

वरणभाताचा घास चेतनाच्या हातातच राहिला. "भाऊ, तो रिसॉर्टचा मॅनेजर होता. माझ्या नोकरीसाठी."

मनिरामभाऊंनी डोक्याचा गमछा सोडला आणि पुन्हा बांधला. "मंग सांगाचं होतं न व. आता फोन करून सांगू का, बाई आहे म्हणून?"

"नका. आता तो शकुंतलाकाकूंना लावेल," म्हणत चेतनाने आचलला कडेवर घेतलं आणि धावली. मागोमाग मनिरामभाऊ, सायकलसकट.

शकुंतलाबाई ओसरीत लाखोळीची डाळ निवडत होत्या. कमी ऐकू येतं म्हणून कायम स्पीकरवर ठेवलेला त्यांचा फोन सुपाशेजारी उताणा पडला होता.

"ये व. तुह्याच गोष्टी सांगतल्या आता एका साहेबाले. म्हटलं, अशी सून सात गावांत नाही. तोंडातून शब्द निघत नाही. परका माणूस आला का आत जाते. कोणी रागावला तरी मान खाली."

सुनेला याहून मोठं प्रमाणपत्र गावात नव्हतं, आणि शकुंतलाबाईंनी ते अगदी मन लावून दिलं होतं.

"काकू, दिवसभर परक्या माणसांशीच बोलायची नोकरी आहे ती."

"मंग तसं विचाराचं होतं त्यानं. तो म्हणे, स्वभाव कसा आहे."

इथे चेतनाचा तोल सुटला. "स्वभाव? राशनवाला तुमचे तांदूळ कमी मोजून राहिला होता, तवा कोण भांडलं? ते दिल्लीचे पाहुणे रस्ता चुकून आले, त्यांले हिंदीत समजावून बोदलकशाच्या तलावाले कोण लावून दिलं? तुमच्या गुडघ्यासाठी डॉक्टरीणबाईशी इंग्रजीत कोण बोललं? तवा मी आत पळाली होती का?" बोलता बोलता तिने आचलच्या तोंडात चाललेली डाळ काढून घेतली आणि ओसरीत चढू पाहणाऱ्या सायकलला हाताने अडवलं.

"तूच बोलली, बाप्पा. मी कायले नाही म्हणू?"

"मंग हेच सांगाचं होतं न त्याले."

"ऐकलं मी," सुपाशेजारून आवाज आला.

शकुंतलाबाई फोन कधीच कापत नसत. पाहुणा उठेपर्यंत आपण उठायचं नाही, तसंच समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही, ही त्यांची रीत. आणि समोरच्याने ठेवला नव्हता.

"सर... सॉरी सर," चेतना पुटपुटली.

"एकजण म्हणाले तुम्ही नाहीच, या म्हणाल्या तुम्ही बोलतच नाही. तेवढ्यात तुमचा आवाज आला, म्हणून थांबलो. सफारीचं तिकीट मिळालं नाही की आमचे पाहुणे चिडून येतात, त्यांना तोंड देणारं कुणी हवंच. उद्या सकाळी भेटायला या. सीव्ही चांगला आहे, फक्त एक चूक आहे."

चेतना फोनपाशी वाकली. "कोणती, सर?"

"भाषांमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी लिहिलंत. आत्ता ज्या भाषेत भांडलात ती राहिली. माझे गाईड, ड्रायव्हर, स्वयंपाकी सगळे तीच बोलतात. मी नाशिकचा. मला निम्मं कळत नाही."

फोन बंद झाला. शकुंतलाबाईंनी आचलला ओढून मांडीवर घेतलं. "उद्या हिले माह्याजवळ ठेव. अन् पाहिलं? म्हणून फोन कापाचा नसते."

मनिरामभाऊ अजून सायकल धरूनच उभे होते. "पण बाई, मी त त्याले सांगतलो, तू गावातच नाही म्हणून. खोटा पडलो न मी."

"नाही पडत भाऊ," चेतना पदर खोचत म्हणाली. "उद्या खरंच नाही मी गावात."