विजेचा तंबोरा

आधीच सांगून ठेवतो, विजेवर संगीत निर्माण करणारा बंगळुरातला पहिला माणूस मी! उद्या कोणी विजेच्या पेट्या घेऊन मांडव दणाणून सोडू लागला आणि हे आपणच पहिल्यांदा केलं म्हणू लागला, तर त्याला माझं नाव सांगा. प्राणेश, चामराजपेट, चौथा रस्ता. पाचव्या रस्त्यावरही एक प्राणेश आहे, पण तो विमा विकतो.

हे खूळ शिरलं कुठून, ते सांगतो. मी वायरलेसची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. दिवसभर कानाला हेडफोन लावून यंत्रांच्या शिट्ट्या ऐकायच्या, एवढंच काम. बटण एका बाजूला पिळलं की शिट्टी चढते, दुसऱ्या बाजूला पिळलं की उतरते. एकदा पिळता पिळता शिट्टी अशी काही गंधारावर जाऊन बसली, की मी खुर्चीतून उठलोच! मनात आलं, अशा चार शिट्ट्या एकत्र बांधल्या तर काय होईल?

मला प्रश्न पडला की घरातली माणसं वस्तू उचलून ठेवतात. भिंतीवरचं घड्याळ टोले कसं देतं हे मी एकदा पाहिलं, तेव्हापासून ते टोले देत नाही.

माझी बायको अनुसूया गाते. नुसतं गुणगुणत नाही, रीतसर शिकलेली आहे. पण लग्नानंतर तिचं गाणं हळदीकुंकू आणि बारशी यांतच अडकून पडलं होतं. त्या वर्षी मात्र आमच्या रस्त्यावरच्या रामनवमीच्या मांडवात तिला संध्याकाळची मैफल मिळाली. शिवाय बातमी अशी, की रेडिओवरचे एक साहेब ऐकायला येणार आहेत, आणि त्यांना गळा आवडला तर ते आवाजाच्या परीक्षेला बोलावतात! हे कळल्यापासून अनुसूयाने ताक सोडलं, लोणचं सोडलं आणि माझ्याशी भांडणंसुद्धा सोडलं. घसा जपायचा होता.

तिच्या मागे तंबोऱ्यावर नेहमी आमच्या गोदूआत्या बसायच्या. माझ्या वडिलांची ही बहीण वादनात पक्की, पण दुसऱ्या गाण्याला हमखास डुलकी घ्यायची. बोटं चालू असत, मान मात्र तंबोऱ्याच्या दांडीवर. रेडिओच्या साहेबांसमोर हे बरं दिसेल का?

"आत्या," मी म्हणालो, "यंदा तुम्ही समोर बसून ऐका. तंबोरा मी विजेवर लावतो. माणूस डुलकी घेतो, वीज डुलकी घेत नाही!"

हे वाक्य मी रोज वीज जाणाऱ्या बंगळुरात राहून उच्चारलं, यावरून माझा आत्मविश्वास लक्षात घ्या.

बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात मी चार छोटे निऑनचे दिवे बसवले. प्रत्येक दिवा इतक्या झपाझप उघडझाप करी की त्याचा सूर ऐकू येई. दोन दिवे षड्जाचे, एक खालच्या षड्जाचा आणि एक पंचमाचा. दुपारी जेवणं झाल्यावर मी बटण दाबलं. डबा घुमू लागला.

"अय्यो! आत भुंगा कोंडलाय का?" अनुसूया म्हणाली. पण मग तिने डोळे मिटून सूर लावला. बराच वेळ गात राहिली. शेवटी डोळे उघडून म्हणाली, "नाही हो, जरासुद्धा हलत नाही. खांबाला टेकून बसल्यासारखं वाटतंय."

गोदूआत्या पदराने तंबोरा पुसत होत्या. "सरी," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाल्या. आमच्या घरात आत्यांचं 'सरी' हे शिवीच्या शेजारच्या घरात राहतं.

रामनवमीला मांडव गच्च भरला. प्रसादाचं पानक आणि भिजवलेल्या डाळीची कोसंबरी यांची पातेली आली, आणि त्यांच्या मागोमाग रेडिओचे साहेबही आले. पहिल्या रांगेत बसले, चष्मा पुसला. त्यांच्या शेजारी गोदूआत्या, मांडीवर गवसणीतला तंबोरा. "घरी का नाही ठेवलात?" मी विचारलं. "मूल घरी ठेवून कोणी देवाला येतं का?" त्या म्हणाल्या.

मांडवाला वीज पिराजीच्या गिरणीतून घेतली होती. पिराजी बेळगावकडचा, मनाचा मोठा. गिरणी मांडवाला अगदी लागून. "देवाचं काम हाय की ओ, घ्या तार ओढून!" असं तो आपणहून म्हणाला होता.

अनुसूया गायला बसली. व्हायोलिनवर हयवदन, मृदंगावर कल्लाप्पा. दोघांनी माझ्या डब्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट्याने वाद्यं त्या सुरात मिळवली. पहिली रचना झकास झाली! साहेबांची मान डोलली. लोक डब्याकडे बोट दाखवून कुजबुजत होते. मी उगाचच दोनदा उठून डब्याला हात लावून आलो, म्हणजे डबा कोणाचा हे कळावं.

इतका वेळ पिराजी हात जोडून मांडवाच्या दाराशी उभा होता. पहिलं गाणं संपताच तो सणाची दळणं उरकायला परत गेला. बाजूला पट्टा फिरल्याचा आवाज आला.

अनुसूयाने कल्याणी राग सुरू केला होता. आणि मला वाटलं, सूर किंचित खाली आलाय. छे, भास असेल! पण आणखी खाली आला. अनुसूयाने भुवई उचलली आणि तीही खाली आली. करणार काय? श्रुती, म्हणजे मागचा आधारसूर, ही आई, तिचा पदर सोडायचा नाही, हे तिच्या गुरूंनी लहानपणीच डोक्यात भरलेलं. आई निघाली जिना उतरायला, लेक निघाली मागोमाग!

हयवदन तोंडातल्या तोंडात पुटपुटत खुंट्या सैल करू लागला. खरी पंचाईत कल्लाप्पाची. मृदंग असा पटकन उतरत नाही. तो दगड घेऊन मृदंगाच्या कडेवर ठोकू लागला, मध्येच वाजवू लागला, पुन्हा ठोकू लागला.

"हे काय चाललंय?" साहेबांनी मागे वळून विचारलं.

मागच्या रांगेतल्या एका जाणकारांनी लगेच खुलासा केला, "ग्रहभेद, ग्रहभेद! षड्जच बदलून गायचं. फार अवघड असतं!"

"असं?" साहेब पुढे सरकून बसले.

मी दिव्यांकडे पाहत होतो. सूर उतरला की मांडवातले दिवेही मंद होत होते! आणि दिवे मंद केव्हा होत? शेजारी गिरणीचा आवाज जड झाला की! पिराजी वरून धान्य ओतणार, जात्यावर भार येणार, मोटर वीज खेचणार आणि माझ्या डब्याचा घसा बसणार. दुपारी घरी असलं काही नव्हतं. काय विलक्षण गोष्ट! शहाण्या माणसाने या घटकेला डबा बंद करून आत्यांच्या पाया पडायला हवं होतं. पण मला प्रश्न पडला होता, की गिरणी थांबवली तर सूर होता तिथेच परत येईल का?

मी मागच्या बाजूने गिरणीत धावलो.

"पिराजी, बंद कर!"

"का ओ अण्णा? गंगव्वाची नाचणी अर्धी आत हाय की!"

"अरे, तुझ्या नाचणीने माझी बायको खाली चाललीय!"

पिराजीने घाबरून पट्टा सरकवला. इकडे मांडवात दिवे लखकन उजळले आणि सूर बाणासारखा वर गेला. जिथून निघाला होता त्याच्याही वर, डबा एव्हाना तापला होता ना! अनुसूया त्याच्यामागे चढली, आणि तिच्या मानेच्या शिरा मला गिरणीच्या दारातून दिसल्या. हयवदनची एक तार फाटकन तुटली. कल्लाप्पाने दगड खाली ठेवला आणि हात जोडले.

"स्वल्प चालू कर!" मी ओरडलो.

आता पिराजीलाही गंमत वाटू लागली. "म्हणजे मी दाणे सोडले की वैनी खाली येत्यात?" त्याने मूठभर नाचणी सोडली. सूर थोडा उतरला. "आयला, खरंच की ओ!" त्याने आणखी सोडली. पिराजीला खूण सांगून मी खांद्यावरचा पंचा घेऊन मांडवाच्या दारात उभा राहिलो. पंचा वर केला की दाणे कमी, खाली केला की दाणे जास्त. सांगू का? जवळजवळ जमलं होतं! एक क्षणभर सूर अगदी पहिल्या जागी आला. कुठल्या मैफलीत गायिकेचा षड्ज नाचणीवर तोलला गेला असेल?

तेवढ्यात अनुसूयाने माझ्याकडे पाहिलं. गाता गाताच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी समजून घेतला असता. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली एक संध्याकाळ, आणि नवरा दारात पंचा हलवतोय! माझ्या हातातला पंचा खाली पडला.

पिराजीने पंचा पडताना पाहिला. त्याने इमानदारीत अख्खं पोतं ओतलं.

माझा डबा म्हशीसारखा हंबरला. मग फट्! गिरणी बंद, दिवे बंद, डबा बंद. मांडवात मिट्ट काळोख.

लोक ओरडायच्या आतच त्या काळोखातून पहिल्या रांगेतला तंबोरा बोलला. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. गवसणी कधी निघाली, कोणाला ठाऊक! आत्यांनी तो दुपारीच अनुसूयाच्या पट्टीत लावून ठेवला होता. अनुसूयाने एक खोल श्वास घेतला, तो मला दारापर्यंत ऐकू आला, आणि तिने तोच कल्याणी पुन्हा उचलला. व्हायोलिन नाही, मृदंग नाही. असं गाणं मी आमच्याच घरात राहून कधी ऐकलं नव्हतं! मी तिथेच खाली बसलो. पेट्रोमॅक्स येईपर्यंत कोणी खोकलंसुद्धा नाही. उजेड झाला तेव्हा आत्यांची मान दांडीवर टेकली होती आणि बोटं चालू होती.

साहेब उठून अनुसूयाकडे गेले. "परीक्षेला या," ते म्हणाले. "आणि तंबोऱ्याला ह्यांनाच आणा. तो ग्रहभेद मात्र नको. श्रोत्यांना झेपणार नाही."

अनुसूया परीक्षा पास झाली. आता ती रेडिओवर गाते, मागे आत्या असतात. रेडिओवर डुलकी दिसत नाही, ही आणखी एक सोय.

माझ्या डब्याचं म्हणाल, तर दुसऱ्याच दिवशी पिराजी दारात हजर. "अण्णा, डबा टाकणार असला तर मला द्या की! गिरणीवर भार किती पडलाय ते त्येच्या आवाजावरनं झ्याक कळतंय." त्याने तो गिरणीत खिळ्याला टांगला. तेव्हापासून माझं संगीत रोज सकाळपासून चौथ्या रस्त्यावर वाजतं. दुसऱ्या कोणत्या कलावंताची कला रोज एवढी ऐकली जाते, सांगा बरं! रस्त्यावरच्या बायकांचे कान तर इतके तयार झालेत, की ओट्यावर बसून सांगतात, आत्ता गहू चाललेत, आत्ता नाचणी.

कालचीच गोष्ट. मी आरामखुर्चीत बसून एका नव्या प्रश्नाचा विचार करत होतो. अनुसूयाने दारात उभं राहून कान टवकारले.

"सूर चढलाय बघा," ती म्हणाली. "गिरणी रिकामी आहे. उठा!" आणि नाचणीचा डबा माझ्या हातात दिला.

मी डबा काखेत मारून निघालो. कोपऱ्यावर पोचतो न पोचतो, तोच सूर उतरला.