सभा सार्वभौम हाय!

तिखटाई मसाले लिमिटेडच्या वार्षिक अहवालात, अध्यक्षांच्या रंगीत छायाचित्राखाली, पुढील विधान छापलेले होते : ‘कंपनीवरील कर्ज हे भागधारकांच्या विश्वासाचे मोजमाप होय. बारा कोटींचे नवे कर्ज, वाढीव लाभांश आणि शेअर्सची पुनर्खरेदी या त्रिवेणी योजनेमुळे प्रत्येक भागधारक समृद्ध होईल.’

अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक चन्नाप्पा हत्तरकी यांनी हे विधान चहाच्या पहिल्या घोटाबरोबर वाचले आणि दुसऱ्या घोटाआधी त्याचे शवविच्छेदन उरकले.

कर्ज हे विश्वासाचे मोजमाप असेल, तर ताप हे प्रकृतीचे मोजमाप मानून एकशे पाचला पेढे वाटावे लागतील! लाभांश नफ्यातून द्यायचा असतो. इथे नफा मिरचीच्या देठाएवढा आणि लाभांश पोत्याएवढा. बँकेच्या पैशातून शेअर परत विकत घ्यायला कायद्याची मनाई आहे. म्हणून कर्ज काढायचे ‘गिरणीच्या आधुनिकीकरणासाठी’, पुनर्खरेदीत रिकामी करायची कंपनीची साठवलेली गंगाजळी, आणि आधुनिकीकरण म्हणून गिरणीच्या दाराला पिवळा रंग फासायचा! बरे, कंपनीला चढ्या भावाने शेअर परत विकून सर्वांत आधी मोकळे होणार कोण? अध्यक्ष उदयसिंह इंगवले, त्यांच्या सौभाग्यवती आणि त्यांचे मेहुणे विश्वजित. जे पंगतीतून उठून जातील त्यांना बासुंदी. जे बसून राहतील त्यांना खरकटी भांडी.

आणि या सगळ्याला तारण होती शाहूपुरीतली कांडप गिरणी. ती चन्नाप्पांच्या वडिलांनी उभी केली होती. तिच्या मिरचीच्या खकाण्यात शिंकतच चन्नाप्पा मोठे झाले होते, आणि झुंबरबाईंसारख्या बायका आजही तिथे मिरच्यांची देठे खुडून घर चालवत होत्या. कर्ज थकले, की गिरणीला बँकेचे कुलूप. हे कर्ज थकणार, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नव्हती.

“हा ठराव मी नुसत्या उपरोधाने मारतो,” चन्नाप्पा कोटाची बटणे लावत म्हणाले. “उपरोध हा सुसंस्कृत माणसाचा चाबूक आहे, रत्नव्वा. आज त्या उदयसिंहाच्या पाठीवर वळ उठतील!”

“एन्री, ऐकताय न्हवं?” नवऱ्याला माहेरच्या कानडीत ‘अहो’ म्हणत रत्नव्वा आरशात बघत कुंकू लावत होत्या. त्यांच्याही नावावर शेअर होते, त्यामुळे त्याही निघाल्या होत्या. “तुमचा चाबूक कुणाला लागत न्हाई. लग्नात म्हणालात, ‘वा, सासऱ्यांनी काय घड्याळ शोधून काढलंय!’ माझ्या अप्पांनी दुसऱ्या दिवशी तसलंच आणखी एक आणून दिलं. सरळ बोला.”

“सरळ बोलणे हा शब्दांची टंचाई असलेल्यांचा नाइलाज आहे!” असे म्हणून चन्नाप्पा जिना उतरले.

सभा एका मंगल कार्यालयात होती. सभेची आपल्याकडची रीत वाचकांना ठाऊकच असेल. ठराव वाचणाऱ्याचा श्वास संपला, की सभागृहाने ‘मंजूर’ म्हणायचे. ठराव कशाचा होता, ही चौकशी मागाहून करायची, तीही कोणाला वेळ असल्यास. या कामासाठी उदयसिंहांनी वस्ताद जोतीराम यांच्या तालमीतले तीस पैलवान आणवले होते आणि बेकायदेशीर काही नको म्हणून प्रत्येकाच्या नावावर एकेक शेअर केला होता. मागच्या सभेत या मल्लांची अंमळ गफलत झाली होती. विरोधकांनी ‘नामंजूर’ची आरोळी ठोकताच, तीही आवडल्यामुळे, निम्म्यांनी तीच उचलली होती! म्हणून यंदा अध्यक्षांनी सक्त ताकीद दिली होती : “माईकवर कुणीबी कायबी बोलूदे. थांबला, की मंजूर! दुसरा शब्द तोंडातनं काढला तर ताट न्हाय!”

ताट मटणाचे होते. कार्यालयाच्या मागच्या अंगणात तांबडा रस्सा रटरटत होता आणि वारा नेमका आत येत होता. प्रत्येक मंजुरीगणिक ताट एक पाऊल जवळ सरकते, एवढे अर्थशास्त्र पैलवानांना अवगत होते. ते चन्नाप्पांना अवगत नव्हते.

आरंभी भागधारकांची मते मागवण्यात आली. झुंबरबाई पदर खोचून उठल्या.

“लाभांश रोख द्या! गेल्या साली निम्मा चटणीच्या बरण्यांत दिलासा. आता सुना काय अंगाला लावत्यात चटणी?”

“मावशी, लाभांशाच्या मागं कशाला लागताय?” विश्वजित गोड हसले. “शेअर कंपनीलाच परत इका आणि मोकळ्या व्हा!”

“आणि मग पुढच्या साली जेवाय कोण बोलावंल? तुझा बा?”

मालकीहक्काचा हा सिद्धांत चन्नाप्पांच्या एकाही पाठ्यपुस्तकात नव्हता.

“पर ह्यो कर्जाचा बोजा?” कोणीतरी मागून विचारले.

“आवं पावणं, कर्ज न्हाय त्येला गावात कोण इचारतंय?” विश्वजित म्हणाले आणि मागचा गृहस्थ आपल्याला कोणीच विचारत नाही, याची खात्री पटून खाली बसला.

मग चन्नाप्पा ध्वनिक्षेपकाकडे गेले. चष्मा पुसला. चाबूक उगारला.

“अध्यक्षमहाराज! एवढी थोर योजना, आणि कर्ज अवघे बारा कोटी? हा तर अपमान झाला! माझी नम्र सूचना आहे, चांगले चोवीस कोटी काढा!”

आणि हशा पिकावा म्हणून ते थांबले.

“मंजूरऽऽ!”

तीस छात्यांतून निघालेल्या त्या गर्जनेने छताचा पंखा हलला. चन्नाप्पा क्षणभर चकित झाले, मग सुखावले. हा प्रतिउपरोध होता! उभ्या अध्यापनकाळात त्यांना इतका जाणता वर्ग लाभला नव्हता. त्यांच्या अंगात वीज संचारली.

“आणि असा द्रष्टा पुरुष आपण दर पाच वर्षांनी निवडून द्यायचा? छे! त्यांना तहहयात अध्यक्ष करा!”

“मंजूरऽऽ!”

“गिरणीच्या दारात त्यांचा पुतळा बसवा! चटणीच्या रंगाचा!”

“मंजूरऽऽ!”

कंपनीच्या सचिव वर्षाराणी लेखणी सरसावून पुढे झुकल्या. “सर, सूचक म्हणून पूर्ण नाव सांगता?”

“कशाचा सूचक?”

“चोवीस कोटींचं कर्ज, तहहयात अध्यक्षपद आणि पुतळा.”

“अहो, तो उपरोध होता!”

“असेल सर. पण उपरोधाला अनुमोदक लागेल.”

“म्या हाय की!” वस्ताद जोतीरामांनी हात वर केला. तो हात नव्हता, बाभळीचे खोड होते.

चन्नाप्पा ध्वनिक्षेपक सोडून वर्षाराणींकडे धावले. “हे सर्व अवैध आहे! आगाऊ सूचना न देता मांडलेला ठराव कंपनी कायद्यात बसत नाही!”

उदयसिंह इंगवले मात्र व्यासपीठावरचा ध्वनिक्षेपक ओढून आनंदाने खुर्चीतून अर्धे उठले होते. बारा कोटी मागायला आलेल्या माणसाला चोवीस मिळाले होते, तेही त्याच्या कट्टर विरोधकाच्या हातून! “सर, कायदा पुस्तकात! हितं सभा सार्वभौम हाय! सभा एकदा मंजूर म्हणाली, की साक्षात ब्रह्मदेवाला बी ते फिरवता येत न्हाय!”

“मंजूरऽऽ!” म्हणून तेही मंजूर झाले.

लगोलग चन्नाप्पांना व्यासपीठावर ओढण्यात आले. कोणीतरी त्यांच्या डोक्यावर गुलाबी फेटा बांधला, खांद्यावर शाल टाकली, हातात चटणीची बरणी दिली. “विरोधक असावा तर असा!” अध्यक्षांनी त्यांना मिठी मारली. वडिलांची गिरणी वाचवायला निघालेल्या पुत्राने ती दुप्पट बोजाखाली गाडली होती आणि वर फेट्याचा तुरा डोलत होता. चन्नाप्पांनी सभागृहाकडे पाहिले. झुंबरबाई त्यांच्याकडे अशा नजरेने पाहत होत्या, जशा नजरेने त्या कुजक्या मिरचीकडे पाहत असत.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

“एन्री! मिळालं न्हवं दुसरं घड्याळ? आता तरी सरळ बोला!”

चन्नाप्पांच्या डोक्यात, फेट्याच्या बरेच आत, काहीतरी लख्ख उजळले. या सभागृहाला स्वर कळत नव्हता, वक्रोक्ती कळत नव्हती. त्याला फक्त पूर्णविराम कळत होता. हयातभर जपलेली अलंकारिक भाषा त्यांनी बरणीसारखी बाजूला ठेवली आणि व्यासपीठावरच्या ध्वनिक्षेपकात बालवाडीतल्या मुलासारखी छोटी छोटी वाक्ये उच्चारायला सुरुवात केली.

“गिरणी तारण ठेवायची नाही.”

“मंजूरऽऽ!”

“तिच्याऐवजी अध्यक्षांनी आपला ऊस आणि आपला बंगला तारण द्यावा.”

“मंजूरऽऽ!”

उदयसिंहांचे हसू चेहऱ्यावरच राहिले. चेहरा मात्र त्यामागून निघून गेला.

“अध्यक्षांचे आणि त्यांच्या नातलगांचे शेअर कंपनीने सर्वांत शेवटी घ्यावेत. सगळे कर्ज फिटल्यावर.”

“मंजूरऽऽ!”

“आरं ए, थांबा!” ध्वनिक्षेपकाकडे झेपावत अध्यक्ष ओरडले.

“मंजूरऽऽ!”

“गप बसा की!”

“मंजूरऽऽ!”

“नामंजूर म्हणा! जोतीराम, नामंजूर म्हणा आधी!”

जोतीराम मंद हसले. “सायेब, दुसरा शब्द काढला तर ताट न्हाय म्हणालतासा.”

“देतो की ताट! दोन ताटं देतो!”

“पारख करायलासा व्हय आमची?” वस्तादांनी मिशीवर हात फिरवला. “तालमीतली माणसं हाय आम्ही. असल्या हुलकावणीला भुलत न्हाय.” आणि शिष्यांकडे वळून त्यांनी नुसती भुवई उचलली.

“मंजूरऽऽ!”

रश्श्याचा वास आता असह्य झाला होता. वर्षाराणींनी टोपण काढून पान उलटले. “साहेब, एकत्रित वाचून दाखवते. चोवीस कोटींचं कर्ज. तारण आपला ऊस आणि बंगला. आपले शेअर शेवटी. अध्यक्षपद तहहयात, म्हणजे राजीनाम्याची सोय नाही. आणि सभा सार्वभौम असल्याचाही ठराव झालेला आहे, आपल्याच तोंडचा.”

“अगं पोरी, खोड ते!”

“ब्रह्मदेवालाही फिरवता येत नाही, असं आपणच म्हणालात.”

उदयसिंहांनी ध्वनिक्षेपकाची मान आवळली. कर्ज हे विश्वासाचे मोजमाप मानणाऱ्या त्या पुरुषाचा चेहरा नियोजित पुतळ्याच्या रंगाचा झाला. विश्वजित त्यांचा सदरा मागून ओढत होते, पण सदरा कोणाचेच ऐकेना. जे बोलले गेले ते ऐकून झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला, आणि पैलवानांनी तेही, इमानाने, मंजूर केले. “शब्दशः घेऊ का, साहेब?” असे विचारून, उत्तराची वाट न पाहता, वर्षाराणींनी ते वाक्य इतिवृत्तात उतरवले. त्यात काना-मात्रेचाही फेरफार झालेला नाही :

“माझा ऊस कशाला, माझा बंगला कशाला? ह्ये कर्ज फिटणार न्हाय, ह्ये मला पयल्यापासनं ठावं हाय की! म्हणूनच तर तारणात गिरणी लिवलीती!”