नववीची साक्षरता आणि शेजारचा पंखा

पर्यावरण वाचवायचं तर आधी ते कुणाला किती येतं हे मोजलं पाहिजे, याबद्दल वरच्या कार्यालयात दुमत नव्हतं. म्हणून नववीची पर्यावरण-साक्षरता चाचणी ठरली. प्रत्येकी चौदा पानांची प्रश्नपत्रिका आली, एकाच बाजूला छापलेली (दुसरी बाजू निसर्गासाठी मोकळी). ज्या शाळेत एकही मूल निरक्षर निघेल, तिथल्या विज्ञान शिक्षकाने सुट्टीभर प्रशिक्षणाला बसावं, अशी प्रेमळ तरतूदही होती.

विज्ञानाच्या बाईंचा जीव टांगणीला लागला. त्यांच्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली होती. सुट्टी लागली की बाई भाचीला बघायला निघणार होत्या, लोकरीचं टोपडंही विणून तयार होतं. त्यांनी मुलांकडून उत्तरं घोटून घेतली.

तिसरा प्रश्न सोपा होता. रिकाम्या खोलीत पंखा चालू दिसला तर तुम्ही काय कराल? उत्तर: ताबडतोब बंद करीन. (‘ताबडतोब’ला अर्धा गुण.) योगायोगाने शेजारच्या रिकाम्या खोलीत पंखा गरगरत होताच. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे मोजताना तो कुणीतरी लावला, आणि नंतर गोपनीयता म्हणून खोलीला कुलूप घातलं. खिडकीतून तो सगळ्या वर्गाला दिसत होता, त्यामुळे प्रश्न समजायला कुणालाच जड गेलं नाही. सगळ्यांनी त्याच्याकडे बघत बघत ‘ताबडतोब’ लिहिलं.

फक्त एका मुलीने, जिला वर्ग शंकासूर म्हणत असे, लिहिलं: ‘काही करत नाही. आत्ताच दिसतोय, आणि मी पेपर लिहिते आहे.’ तिला शून्य मिळालं आणि ती निरक्षर ठरली.

बाईंनी तिला बोलावून घेतलं.

“अगं, बंद करीन एवढं लिहायला काय झालं होतं तुला?”

“पण बाई, मी उठले कुठे?”

“परीक्षेत उठायचं नसतंच मुळी.”

“म्हणून नाही उठले. तेच लिहिलं.”

बाईंना राग आला, पण तो नेमका कुणाचा हे त्यांना कळेना. “उद्या फेरपरीक्षा आहे,” त्या म्हणाल्या. “जरा शहाण्यासारखं वाग, बाळा.”

ती शहाण्यासारखी वागली. परीक्षेला येताना तिला पंखा दिसला, तो अजून चालूच होता. ती शिपाईकाकांकडे गेली. किल्ली कारकुनांकडे होती आणि कारकून चहाला गेले होते. त्यांना शोधून, खोली उघडून, पंखा बंद करून ती वर्गात पोचली, तोवर बराच उशीर झाला होता. नियमाप्रमाणे तिची गैरहजेरी लागली.

सुट्टी गेली, असं बाईंनी धरून टाकलं. पण मुख्याध्यापकांनी नियमावली नीट वाचली. फेरपरीक्षा लागली की आधीचा निकाल रद्द होतो, आणि गैरहजर विद्यार्थी टक्केवारीत धरत नाहीत. म्हणजे निरक्षर कुणी उरलंच नव्हतं, आणि शाळा शंभर टक्के पर्यावरण-साक्षर झाली. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी शंकासुराची पाठ थोपटली.

निकाल लिहायला त्या शेजारच्या, आयत्या उघडलेल्या खोलीत बसल्या. उकडत होतं म्हणून पंखा लावला. काम उरकलं तशी बहिणीला फोन लावत त्या बाहेर पडल्या, आणि आठवणीने कुलूप घातलं.

हे वाचताना ‘आपण तिथे असतो तर बंद केला असता’ असं ज्या वाचकांच्या मनात आलं, त्यांना तिसऱ्या प्रश्नाचे गुण देण्यात येत आहेत. (मनात ‘ताबडतोब’ आलं नसल्यास अर्धा गुण कापला जाईल.)