सुमनआत्याची तक्रार वही

हॉटेलात जेवण झालं की माणसं बडीशेप मागतात, बिल मागतात. आमची सुमनआत्या तक्रार वही मागते.

"तक्रार वही आणा," हे ती ज्या आवाजात म्हणते, तो आवाज सहाशे माणसांच्या कॅन्टीनमध्ये एक्झॉस्ट पंख्याच्या वर चढून तयार झालेला आहे. वेटर जागच्या जागी थांबतो. मॅनेजर काउंटर सोडून येतो. शेजारच्या टेबलावरचे लोक आपापल्या ताटात निरखून बघायला लागतात, काही निघालं की काय म्हणून. आणि मी, वय सत्तेचाळीस, चाकणच्या एका कंपनीत असिस्टंट मॅनेजर, मेनूकार्डामागे तोंड लपवतो.

तक्रार वही हल्ली कुठल्याच हॉटेलात नसते. क्यूआर कोड स्कॅन करा म्हणतात. मग आत्या पिशवीतून स्वतःचीच वही काढते. लांबट, लाल कापडी बांधणीची, वर पांढऱ्या रंगात 'तक्रार वही, उपाहारगृह' असं लिहिलेली. "हात कुणाचा हाय?" असं विचारून ती स्वयंपाक्याचं नाव घेते, शेवटच्या पानांकडून वही उघडते, चारदोन ओळी लिहिते आणि मॅनेजरला सही करायला लावते. मॅनेजर न वाचताच सही करतो, कारण त्याला आत्या लवकरात लवकर दाराबाहेर गेलेली हवी असते. काय लिहिलं ते ती कुणाला दाखवत नाही. मीही विचारत नाही, कारण त्या वहीला मी सापाइतका भितो.

कारण सांगून टाकतो. त्या वहीच्या पुढच्या अर्ध्या भागात माझं एक पाप आहे.

डिप्लोमा करून मी अहमदपूरहून आलो तेव्हा आत्याच्या चिंचवडच्या दोन खोल्यांत उतरलो. आत्याचे यजमान लवकर गेलेले, मूलबाळ नाही, आत्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकाला. तिनंच कुणाकुणाला गळ घालून मला त्याच कंपनीत ट्रेनी म्हणून चिकटवलं. आता इतकं झाल्यावर माणसानं काय करावं? मी शिफ्टमधल्या एकाही पोराला सांगितलं नाही की कॅन्टीनच्या खिडकीतून आपल्याला डाळ वाढणारा हिरव्या बांगड्यांचा हात माझ्या आत्याचा आहे. इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात कार्ड अडकवलेला इंजिनिअर होतो ना मी.

एका सोमवारी उपीट जरा घट्ट झालं होतं. पोरं म्हणाली, लिही राव, तुझी भाषा चांगली आहे. आणि भिंतीला दोरीनं टांगलेल्या वहीत मी लिहिलं, 'हे उपीट आहे की सिमेंट, याची मेंटेनन्स खात्याने तपासणी करावी. करणाऱ्या बाईंना आधी वाटीभर खायला घालावे.' खाली सही केली, 'एक कामगार'. पोरं हसून हसून लोळली. त्याच संध्याकाळी मी आत्याच्या हातच्या तीन गरम भाकरी खाल्ल्या, वर ठेचा मागून घेतला. पुढच्या आठवड्यापासून सोमवारचं उपीट बंद होऊन पोहे सुरू झाले, तर शिफ्टभर सांगत फिरलो, बघा भावांनो, आपल्या दोन ओळींत मेनू बदलला.

आत्या बावीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाली. कॅन्टीन नव्या ठेकेदाराकडे गेलं, तक्रारी मोबाइलवर आल्या आणि जुनी वही रद्दीत निघाली. आत्या ती घरी घेऊन आली. "अर्धी कोरी हाय, टाकायची कशाला?" म्हणाली. तेव्हापासून माझी झोप उडालेली आहे. लिहिणारा मी होतो हे तिला कळलं तर कुठल्या तोंडानं तिच्यासमोर उभा राहू, एवढाच प्रश्न होता. वही चोरायचाही एकदा प्रयत्न केला, पण ती पिशवी घेऊन बाथरूमपर्यंत जाते.

मागच्या महिन्यात आमच्या ऋतुजाचा पहिला पगार झाला. आईबाबांना आणि आत्याआजीला पार्टी द्यायची म्हणून ती आम्हाला निगडी प्राधिकरणातल्या एका आशियाई फ्यूजन हॉटेलात घेऊन गेली. दारात कागदी कंदील, भिंतीवर ड्रॅगन, आणि मेनूत ठेचा डिमसम, कोथिंबिरीचा बाओ, पिठल्याच्या चवीचं रामेन. चॉपस्टिकची मी आठवडाभर ऑफिसच्या मीटिंगमध्ये दोन पेन्सिली घेऊन तयारी केली होती. पहिलाच नूडल शर्टाच्या खिशात गेला. बायको म्हणाली, "डबा नेताय का?"

आत्यानं चमचा मागितला. एक डिमसम उचलून उजेडात धरला, फिरवून पाहिला. "ह्यो मोदकाचा चुलतभाऊ हाय," म्हणाली आणि तोंडात टाकला. मग दुसरा उचलला, तिसरा उचलला. मी मेनूकार्ड जवळ ओढलं. प्लेट संपली आणि तिचा आवाज ड्रॅगनपर्यंत गेला, "तक्रार वही आणा."

पुढचं नेहमीसारखं झालं. क्यूआर कोड, लाल वही, "हात कुणाचा हाय?" फरक एवढाच, की मॅनेजर इतका घाबरला की त्यानं स्वयंपाक्यालाच बाहेर आणून उभं केलं. बिष्णू नावाचा, दार्जिलिंगकडचा, चाळिशीतला शांत माणूस. ॲप्रनला हात पुसत तो मान खाली घालून उभा राहिला. आत्यानं लिहून वही त्याच्यापुढे केली. तो म्हणाला, मराठी पढना नहीं आता. तेव्हा आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा ती वही दुसऱ्याच्या हातात दिली. "ऋतू, वाच बाई. हिंदीत सांग त्याला."

ऋतुजानं आधी मराठीत वाचलं. 'पारी पातळ, सगळीकडे सारखी. कळ्या हाताने घातल्या आहेत, साच्याने नाही. आतले सारण गरम होते. एवढ्या गर्दीत हाताने घाई केलेली नाही. जेवण उत्तम.'

मी मेनूकार्ड खाली ठेवलं. इतकी वर्षं मी समजत होतो ती हॉटेलवाल्यांच्या तक्रारी लिहिते. ऋतुजानं हिंदीत सांगितलं, तसा बिष्णूनं डोक्यावरची टोपी काढली. फोन काढून पानाचा फोटो घेतला. "मेरा नाम भी लिख दो, माँजी," म्हणाला. आत्यानं वर त्याचं नाव घातलं आणि तो फोटो त्यानं परत काढला.

माझं संकट तर पुढेच होतं. ऋतुजा वही परत देईना. "आजी, पुढं काय आहे गं?" म्हणत तिनं पानं उलटायला सुरुवात केली. डाळ पातळ. 'दुरुस्त केले, सुमन.' चपाती कडक. 'दुरुस्त केले, सुमन.' प्रत्येक तक्रारीखाली तेच, त्याच सरळ अक्षरात. लिहून झाल्यावर ते पान आमच्यापैकी कुणी कधी परत उघडलंच नव्हतं. मी म्हणालो, गार होतंय, जेवा. मी पाण्याचा ग्लासही सांडून पाहिला. तिनं वही उचलून वर धरली आणि पुढे वाचत राहिली.

"हे बघ काय लिहिलंय, उपीट आहे की सिमेंट." ती खदखदून हसली. बायकोही हसली. मग हसत हसतच ऋतुजानं खालचं वाचलं, "'दुरुस्त केले. संजूला उपीट आवडत नाही. घरी कधी बोलला नाही. सोमवारपासून पोहे. सुमन.'"

ऋतुजा माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा?"

"संजू नावाचे कंपनीत बरेच होते," मी म्हणालो.

"बरेच कुठले," आत्या डिमसमची वाटी पुसत म्हणाली. "एकच हुता, आन् तो माझ्या घरी जेवायचा."

आता लपायला मेनूकार्डही वेटर घेऊन गेला होता. मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"माझा रेशनचा फॉर्म कोण भरायचं? अक्षर कळंना व्हय मला?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तू खिडकीत मान खाली घालून ताट पुढं करायचास, मला कळत हुतं की. म्हटलं, लेकराला चारचौघांत वळख नको असंल. म्हणून मी पण कधी हाक मारली न्हाई."

खरंच मारली नव्हती. मला वाटायचं कामाच्या गडबडीत तिचं लक्षच नसतं. माझं ताट पुढं आलं की डाव एकदा जास्त फिरायचा, तोही मी योगायोग समजायचो.

"राग आला असेल," मी म्हणालो.

"आला की. दोन दिस आला." तिनं वही मिटून मांडीवर घेतली. "कॅन्टीन धुऊन झालं की रोज ही उघडायचे. वाटायचं, आज कुणीतरी बरं लिहिलं असंल. बावीस वर्षं उघडली. म्हणून मी लिहिते बाबा दुसऱ्यांना. त्यांना पण वाटत असंल, कुणीतरी बरं लिहावं."

मला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. बायको रुमाल शोधत होती, ऋतुजा ड्रॅगनकडे बघत होती. मी आत्याकडे हात पुढे केला आणि वही आणि पेन मागितलं.

लिहायला वेळ लागला. वय सत्तेचाळीस, भाषा चांगली, तरी लागला. 'सोमवारचे पोहे फार चांगले असायचे. घरच्या भाकरीही. हे तेव्हाच लिहायला हवे होते.' खाली या वेळी 'एक कामगार' नाही, पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याच्यापुढे, 'सुमनआत्याचा भाचा'.

तिनं चष्मा लावून वाचलं. सवयीनं खाली 'पाहिले' लिहून सही केली. शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली आणि वही पिशवीत टाकली. "चला, उशीर झाला," म्हणाली.

गाडीत ती मागे बसली होती. पिंपळे गुरवचं घर येईपर्यंत तिनं पिशवी तीनदा उघडली. चष्मा राहिला का बघते, म्हणाली. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता.