मानेसाहेबांचं बिघाड-रजिस्टर

मानेसाहेबांच्या दारावर पाटी लागली की आमच्या गल्लीतला दूधवालासुद्धा बेल वाजवत नाही, पिशवी गुपचूप कडीला अडकवून जातो. शाळेत असते तशी काळी पाटी, तिच्यावर खडूने देखणं अक्षर: ‘आज अपडेट आहे. कृपया बेल वाजवू नये.’ दोन तासांनी पाटीवरचा मजकूर बदलतो. ‘अपडेट झाला. सर्व ठीक.’ असं मी आजवर एकदाच वाचलंय. एरवी ‘अपडेट झाला. आवाज गेला.’ नाहीतर ‘अपडेट झाला. प्रिंटर ओळख दाखवत नाही.’

यशवंतराव माने म्हणजे माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, लग्न केलं नाही, निवृत्त होऊन किला गेटजवळच्या या घरात एकटे राहतात. पूर्वज पलटणीत होते, तिच्यासोबतच या हिंदी मुलखात आले असं सांगतात. तलवार कुठे गेली कोण जाणे, पण स्क्रू फिरवायचा पेचकस सदऱ्याच्या खिशात कायम. आमच्या ह्यांचे ते मित्र, म्हणून मी वहिनी. हे गेले, मैत्री माझ्याकडे वारशाने आली.

त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची फुकटातली सिस्टीम घातली ती माझ्या मकरंदने. तो बेंगळुरूला नोकरी करतो. एका दिवाळीत आला होता, तेव्हा फराळाचं ताट बाजूला सारून काकांच्या मशीनसमोर बसला आणि म्हणाला, ‘काका, फेकताय कशाला, अजून दहा साल चलेगा.’ चाललं खरं. फक्त दर अपडेटनंतर त्यातलं काहीतरी रुसून बसायचं. कधी पडद्यावरची मराठी अक्षरं जाऊन चौकोन यायचे, कधी सगळा पडदाच काळा.

दुसरा कुणी वैतागला असता. मानेसाहेब उलट खुलायचे. चष्मा पुसायचे, लाल बांधणीचं रजिस्टर उघडायचे आणि पडद्यावरची इंग्रजी तक्रार अक्षर न् अक्षर उतरवून काढायचे. ‘वहिनी, आधी वाचायचं. घाबरायचं नंतर,’ हे त्यांचं पालुपद. रजिस्टरात पट्टीने आखलेले रकाने: काय बिघडलं, कशाने बिघडलं, उपाय, उपाय कोणी सांगितला. मी मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, हजारो वह्या तपासल्या, पण इतकी स्वच्छ वही एकाही मुलीची पाहिली नाही. त्याचाही मला थोडा राग होताच.

खरा राग मात्र शेवटच्या रकान्याचा. तिथे ओळीने एकच नाव: मकरंद, मकरंद, मकरंद.

माझा मुलगा दर रविवारी सकाळी मला फोन करायचा. नाश्ता झाला का, गोळी घेतलीस का, बरं ठेवतो. दोन मिनिटं, फार तर तीन. मग पाचव्या मिनिटाला मानेसाहेबांचा फोन वाजायचा आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाऊण तास त्यांचं खो खो हसणं ऐकू यायचं. माझ्या पोटच्या पोराशी. मी भाजी चिरता चिरता कान टवकारून उभी. अहो, जीव नुसता जळायचा. पोहे द्यायच्या निमित्ताने मी दोनदा मध्येच जाऊन धडकलेसुद्धा. ‘एवढं काय बोलता त्याच्याशी?’ असं विचारलं तर मानेसाहेब म्हणाले, काही नाही, अपडेटचंच. मकरंदला विचारलं तर तो म्हणाला, ‘अगं आई, त्यांचं काहीतरी बिघडलेलं असतं ना.’

तेव्हा मी ठरवलं की माझंही बिघडलं पाहिजे.

मकरंदचा जुना लॅपटॉप माझ्याकडे होता, त्यातही हेच लिनक्स. मी त्यावर पेन्शन बघायची आणि पंचांग. मोठ्या आशेने अपडेटचं बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी सरसर पुढे गेली, लॅपटॉप बंद होऊन पुन्हा चालू झाला, आवाज ठीक, पडदा ठीक, प्रिंटर तर आधीपेक्षा चांगला. पुढच्या महिन्यात पुन्हा दाबलं, पुन्हा सगळं ठीक. जळ्ळं मेलं नशीब. मी हे मानेसाहेबांना फणकाऱ्याने ऐकवलं: तुमच्याच घरी बरे बिघाड होतात, आमच्याकडे फिरकतसुद्धा नाहीत. ते हसले नाहीत. म्हणाले, या वेळचा अपडेट मी येऊन करून देतो.

शनिवारी आले. पेचकस खिशात, रजिस्टर काखेत. मी चहा टाकेपर्यंत त्यांचं काम झालं होतं आणि लॅपटॉपवरचं वायफाय गायब. मानेसाहेबांनी इकडून तिकडून पाहिलं, मान हलवली. ‘वहिनी, हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. मकरंदलाच विचारा.’

रविवारी मकरंदचा फोन आला तो एक तास वीस मिनिटं. आधी त्याने मला इंटरनेटसाठी फोन तारेने लॅपटॉपला जोडायला लावलं, मग एकेक अक्षर सांगून लिहायला लावलं. मी दोनदा चुकले, तो चिडला नाही. मग काहीतरी उतरवून घेणारी पट्टी आली आणि मुंगीच्या पावलाने निघाली. ती पुढे सरकेपर्यंत करायचं काय? तो बोलू लागला. आमटी करून पाहिली, तुझ्यासारखी होत नाही म्हणाला. चिंच कधी घालतेस, विचारलं. पट्टी अर्ध्यावर असताना म्हणाला, ‘आई, इथे ना, बहुत अकेला लगता है कभी कभी.’ गेल्या चार वर्षांत हे त्याने मला सांगितलं नव्हतं. वायफाय आलं तेव्हा मला वाईटच वाटलं. पण त्याने दुरुस्तीच्या आणखी दोन गोष्टी पुढच्या रविवारसाठी काढून ठेवल्या, आणि तो फोनही तासभर चालला.

त्या दुसऱ्या फोननंतर मी बाड्यावरच्या बाजारातून आणलेल्या तिळाच्या गजकचा डबा घेऊन मानेसाहेबांकडे गेले. खोटं कशाला बोलू, मिरवायलाच गेले. ते आत चहा करत होते. रजिस्टर टेबलावर उघडं. वही उघडी दिसली की माझे डोळे आपोआप तपासायला लागतात.

शनिवारच्या तारखेला लिहिलं होतं: ‘वहिनींचा लॅपटॉप. काय बिघडलं: वायफाय. कशाने: वायफाय चालवणारा ड्रायव्हर मीच काढला. उपाय: माहीत आहे. कोणी सांगितला: मकरंद सांगेल.’

माणूस माझ्याशी धडधडीत खोटं बोलला होता, पण रजिस्टराशी बोलता आलं नव्हतं.

खालची नोंद त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरची. ‘काय बिघडलं: आवाज गेला. कशाने: कळत नाही.’ उपायाचा रकाना कोरा. शेवटच्या रकान्यात दोन रविवारच्या तारखा आणि प्रत्येकीपुढे त्याच देखण्या अक्षरात: ‘फोन व्यस्त.’

दोन रविवार खिडकीतून हसणं ऐकू आलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी स्वतःच बोलत होते, ऐकणार कुठून.

मानेसाहेब कप घेऊन बाहेर आले. मी पान उलटून ठेवलं होतं. लॅपटॉप कसा आहे, त्यांनी विचारलं. मला त्या माणसाचा राग आला, लाजही वाटली, आणि डोळे भरून येतात की काय अशी भीती वाटली.

‘बिघडलाय पुन्हा,’ मी म्हटलं. ‘रविवारी इकडेच घेऊन येते. तुमचं, माझं, दोन्ही एकदमच दाखवू त्याला.’

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मग पट्टी घेऊन रजिस्टरात नवी ओळ आखली.

‘पण आधी माझं,’ मी सांगून टाकलं.