दोन रिकामे हात

या प्रवासातून पेटीमास्तरांना एकच गोष्ट कमवायची होती : दोन रिकामे हात. बायकोला भावाच्या घरी चार दिवस आयतं जेवायला मिळणार होतं. मुलीला विमानाच्या खिडकीतून फोटो काढायला मिळणार होते. सासूबाईंना मुलाचं नवं घर आतून-बाहेरून तपासायला मिळणार होतं. त्या मानानं मास्तरांची मागणी किरकोळ होती. एका ठिकाणाहून निघावं, दुसऱ्या ठिकाणी पोचावं आणि मधल्या काळात दोन्ही हात आपल्याच मालकीचे असावेत, एवढंच.

पेटीमास्तर या नावाचा गाण्याबजावण्याशी काही संबंध नाही. ते काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंग खात्याचे प्रमुख होते आणि त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक पेटी दाराबाहेर पडत नसे. खुर्चीमागच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात नियम लिहून लावला होता : ‘रिकामी जागा राहिली की माल फुटलाच.’ कारखान्यात ते बोट दाखवत आणि माणसं पेट्या उचलत. घरच्या प्रवासात बोटं बाकीचे दाखवत. लग्नापासून आजवर हे कुटुंब जिथं जिथं गेलं, तिथं आधी कुटुंब पोचलं, मग बॅगा पोचल्या आणि शेवटी बॅगांच्या खालून मास्तर पोचले. फोटोंत ते नेहमी कडेला, गळ्यात दोन पट्टे आणि काखेत एक गाठोडं. एका फोटोतून तर मुलीनं त्यांना कापूनच टाकलं होतं.

“अगं, बाबा आहे तो!” आई ओरडली.

“हो का? मला वाटलं, कुणी हमाल मधे आलाय,” मुलगी म्हणाली, आणि तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच जास्त लागलं.

त्यात वर्षभरापासून उजवा खांदा कुरकुरत होता. डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केली होती.

“घरी सांगितलंत का?” पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं.

“सांगितलं.”

“मग?”

“मग आता डाव्या खांद्यावर देतात.”

म्हणून या वेळी मास्तरांनी चाकांवर भिस्त ठेवली. विमानात माणशी एक बॅग बरोबर नेता येत होती, वजन सात किलो. चौघांना चार बॅगा घ्यायच्या, चाकांच्या. ज्याची बॅग त्यानं ढकलायची. कुणी कुणाचं देणं लागत नाही.

बॅगांच्या दुकानात चौघंही गेली. दुकानदारानं एक बॅग समोर आणून तिला बोटानं धक्का दिला. बॅग गिरकी घेत सासूबाईंच्या पायाशी जाऊन थांबली.

“चारी चाकं सगळीकडे वळतात साहेब. लहान पोरगंसुद्धा ढकलेल.”

“रिकामी केवढी भरते?”

“किंमत म्हणताय?”

“वजन.”

दुकानदार जरा दुखावला. “तीन किलो. असेल जराशी कमीच.”

“म्हणजे सातातले तीन बॅगच खाणार?”

“मग बिनचाकांची घ्या. कापडी, एकदम हलकी. खांद्याला अडकवली की झालं.”

“कुणाच्या खांद्याला?”

दुकानदारानं मास्तरांकडे पाहिलं. मग त्यांच्या मागं उभ्या असलेल्या बायकोकडे, मुलीकडे आणि सासूबाईंकडे पाहिलं. धंद्यात त्याचे केस पिकले होते. “तुम्ही चाकांचीच घ्या,” तो हळू आवाजात म्हणाला.

बायकोनं बॅगेचे कप्पे उघडून पाहिले, मुलीनं रंग नाकारले. सासूबाई एका बॅगेवर बसून पाहत होत्या. “बसायला बरी आहे हो ही.”

“आजी, ती बसायची नाही. ढकलायची. म्हणजे मग हातात काही धरायला नको,” मुलगी म्हणाली.

“हातात काही नको कसं?” सासूबाई म्हणाल्या. “रिकाम्या हातानं मी आजवर कुणाच्या दारात उभी राहिलेली नाही.”

या वाक्याकडे मास्तरांनी लक्ष द्यायला हवं होतं. पण ते त्या वेळी खाली वाकून चाकं तपासत होते.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तरांनी बैठकीच्या खोलीत वजनकाटा मांडला. चारही बॅगा तोंड वासून पडल्या होत्या. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या त्या दोन्ही हातांनी एक लोखंडी कढई पोटाशी धरूनच. कढई जुनी, जाड बुडाची, काळीभोर. त्यांनी ती आपल्या बॅगेत ठेवली तेव्हा बॅग हुंकारल्यासारखी वाटली.

“हे काय आई?” बायकोनं विचारलं.

“त्याच्या नव्या घराला. दुकानात मिळतात ती पत्र्याची सोंगं. अशी कढई आता होत नाही.”

मास्तरांनी काटा पाहिला. बॅग आणि कढई मिळून बरोब्बर सात. “छान,” ते म्हणाले. “पण आता तुमचे कपडे?”

“माझे कपडे हलकेच असतात,” सासूबाई म्हणाल्या आणि ते त्यांनी लेकीच्या बॅगेत ठेवले.

त्यामुळं बायकोचे कपडे मुलीच्या बॅगेत गेले. त्यामुळं मुलीचे तीन जोड बूट, केस वाळवायचं यंत्र आणि ‘हे लागतंच’ या नावाची एक फुगलेली पिशवी बाहेर आली. ती सगळी मास्तरांच्या बॅगेकडे पाहू लागली. एवढ्यात सासूबाईंना आठवलं की आपली शाल, औषधांचा डबा आणि जाड अंथरूण राहिलंच. वाटाघाटी झाल्या, काटा वरखाली झाला. चहाच्या वेळेपर्यंत मास्तरांच्या बॅगेत निम्म्या सासूबाई आणि निम्मी मुलगी नांदू लागली, आणि मास्तरांचा संसार सोफ्यावर उघडा पडला : चार दिवसांचे आतले कपडे, दोन शर्ट, एक पँट, दाढीचं सामान.

“अहो, तुमचा तो मोठा कोट आहे ना?” बायको म्हणाली. “त्याला केवढाले खिसे आहेत. अंगावरचं कुठं कोण तोलतं?”

“उकाड्यात कोट?”

“विमानात गार असतं.”

मास्तर वाद घालत नसत. वादालाही वजन असतं आणि ते शेवटी त्यांनाच उचलावं लागे. त्यांनी सगळा संसार कोटाच्या खिशांत आणि अस्तरात दाबून बसवला. कलाकुसर म्हणावी इतकं सुबक काम झालं. कोठे म्हणून रिकामी जागा राहिली नाही. कोट घालून ते आरशासमोर उभे राहिले तेव्हा भरलेल्या उशीसारखे दिसत होते. पण हात रिकामे होते. फक्त ती एक बॅग ढकलायची. ढकलणं म्हणजे काही उचलणं नव्हे.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं एकेक बॅग काट्यावर घेतली आणि मान वर केली. “चारही सात?”

“चारही,” मास्तर म्हणाले. घाम मानेवरून कोटात उतरत होता, तरी आवाजात कारखान्यातला रुबाब आला.

तो तपासणीच्या पट्ट्यापर्यंत टिकला. सासूबाईंची बॅग यंत्रातून अर्धी बाहेर आली, परत आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. खाकीतल्या बाईंनी ती बाजूला घेतली.

“कुणाची ही?”

“माझी,” सासूबाई पुढं सरसावल्या.

“काय आहे यात?”

“कढई.”

“आणखी?”

“झाकण आणायचं होतं. वजनात बसेना.”

“आजी, असलं जड लोखंड वर नेता येत नाही. कुणाच्या डोक्यात घातलं म्हणजे?”

“कुणाच्या?” सासूबाईंनी विचारलं आणि जावयाकडे पाहिलं. पाहणं सहजच असावं. निदान मास्तरांनी तसं धरून चालायचं ठरवलं.

कढईला सोडून पुढं जायला सासूबाई तयार नव्हत्या. तेव्हा त्यांना आणि बॅगेला घेऊन मास्तर उलट पावली काउंटरवर आले. तिथली मुलगी भली होती. “विमान भरलंय, वरचे कप्पे तसेही कमी पडणार आहेत. द्या ही एक, खाली टाकते. पैसे नाहीत पडायचे.”

बॅग सरकत्या पट्ट्यावर चढली आणि आतून आवाज आला : धडाम्. पट्टा हलला : धडाम्.

इथं मास्तर गप्प राहिले असते तर पुढचं काही घडलं नसतं. लोखंडी कढई फुटत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ज्याचा जन्म बाटल्यांत गेला त्याला मोकळ्या पेटीत आदळणारा माल ऐकवत नाही.

“थांबा!” ते ओरडले. “आत रिकामी जागा आहे!”

“असू दे ना काका, काही होत नाही.”

“तुम्हाला नाही कळायचं,” असं म्हणत मास्तरांनी बॅग उघडली, अंगातला कोट काढला, कढईभोवती घट्ट लपेटला, बाह्या बुडाखाली खोचल्या, बॅग बंद केली आणि हलवून कानाशी धरली. आवाज नाही. समाधानानं त्यांचे डोळे क्षणभर मिटले. उघडले तेव्हा बॅग पडद्याआड गेली होती.

परत तपासणीपाशी आल्यावर सासूबाईंनी मास्तरांच्या बॅगेची मूठ धरली. “माझंच तर सामान आहे यात. मीच नेते.”

आणि मास्तर पाहतात तो त्यांचे दोन्ही हात रिकामे. कोटही नाही, बॅगही नाही. विमानाच्या पायऱ्या ते कठड्यालाही हात न लावता चढले. आसनावर बसून हात मांडीवर ठेवले, मग छातीवर ठेवले, मग नुसतेच पाहिले. इतकी वर्षं राबलेले नोकर पहिल्यांदा सुट्टीवर निघावेत, तसे ते दिसत होते.

उतरल्यावर सामानाचा पट्टा रिकामा होईपर्यंत चौघं उभी राहिली. कढईची बॅग आली नाही.

“मागं राहिली असेल,” तिथला माणूस म्हणाला. “आली की घरी पोचवू.”

“कधी?”

“आली की.”

मेहुण्यानं दार उघडलं. “या भाऊजी, या!” त्यानं मागंपुढं पाहिलं. “आणि हे काय? रिकाम्या हातानं?”

सासूबाईंनी जावयाकडे अशी नजर टाकली की जणू कढई त्यांनीच विकून खाल्ली.

पुढचे तीन दिवस मास्तर मेहुण्याच्या कपड्यांत वावरले. मेहुणा खात्यापित्या घरचा, त्याचा पायजमा मास्तरांच्या कमरेभोवती दीड वेळा फिरे. नाडी नव्हती, इलॅस्टिक होतं, आणि ते मेहुण्याच्याच पोटाला ओळखत होतं. त्यामुळं मास्तर जिथं जात तिथं दोन्ही हातांनी पायजमा धरून जात. चहा आला की आधी बसावं लागे. नवं घर पाहताना मेहुण्याच्या बायकोनं, वहिनींनी, गच्ची दाखवली, “धरा ना कठडा, छान वारा येतो,” असं म्हणाल्या, तेव्हा त्यांनी वाऱ्याचं तोंडानंच कौतुक केलं.

चौथ्या दिवशी, निघायच्या सकाळी, बॅग आली. सासूबाईंनी ती सगळ्यांसमोर उघडली, कोट बाजूला भिरकावला आणि कढई सुनेच्या ओटीत घालावी तशी पुढं केली.

वहिनींचा चेहरा गोड होता आणि तो गोडच राहिला. “किती छान आहे हो! पण आई, आपली शेगडी काचेची आहे. वरचा सगळा भाग काच. एवढं जड लोखंड त्यावर आदळलं तर तडा जायचा.”

“काही नाही जात तडा,” सासूबाई म्हणाल्या. “आमचे जावईबापू काचेतलेच आहेत. विचारा त्यांना. काय हो, जाईल तडा?”

मास्तरांना समोरचा हिशेब स्वच्छ दिसत होता. ‘नाही’ म्हटलं की कढई इथंच राहते. शिवाय सासूबाईंनी आता महिनाभर इथंच राहायचं ठरवलं होतं, आपल्या बॅगेसह. म्हणजे परतीला तीन माणसं, तीन बॅगा आणि दोन रिकामे हात. एका शब्दाचं काम होतं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन शेगडीकडे पाहिलं. काचेवर हात फिरवला. मग कढई उलटी करून तिचं खडबडीत बूड पाहिलं.

आयुष्यात ते बऱ्याच ठिकाणी गप्प बसले होते. पण काचेच्या बाबतीत खोटं त्यांच्या तोंडून निघत नसे.

“जाईल,” ते म्हणाले.

“बघा!” वहिनी.

“अरे देवा,” बायको.

“मग आता हिचं काय करायचं?” मेहुण्यानं विचारलं. सगळे फक्त मास्तरांकडे पाहू लागले. आणि कुणी काही म्हणायच्या आत मास्तरांचे दोन्ही हात आपणहून पुढं झाले. जुनी सवय. रिकामी जागा त्यांनाही सोसत नसावी.

“थांबा, थांबा, सगळे एकत्र उभे राहा,” मुलगी फोन घेऊन ओरडली. “निघायच्या आधीचा फोटो! बाबा, तू मधे ये. कढई दिसू दे.”

शेवटी जमाखर्च असा झाला. दुकानदाराच्या चार बॅगा खपल्या. मेहुण्याची शेगडी वाचली. सासूबाई रिकाम्या हातानं आल्या नाहीत, हे चारचौघांत सिद्ध झालं, वर एक महिना मुक्काम पदरात पडला. बायकोनं चार दिवस ताट धुतलं नाही. कढईला फुकटात विमान घडलं. ही सगळी जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला एकच नाव होतं, आणि तो माणूस या फोटोत पहिल्यांदाच मधोमध उभा होता. एका हातात कढई होती, दुसऱ्यानं त्यानं पायजमा धरला होता.