गंगम्मा, हलू नका!

फोटोतलं मला सगळं कळतं, असं मी उमरग्याच्या अख्ख्या पेठेत सांगून ठेवलं होतं. तोवर मी एकही फोटो काढलेला नव्हता, पण ती गोष्ट वेगळी! शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करणाऱ्या माणसाला एक डोळा मिटून नेम धरायची सवय असतेच.

झालं असं, की निजामाच्या राज्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत वाचनालयाच्या गुरुसिद्धप्पा मास्तरांनी खालच्या गल्लीसाठी फोटोंची स्पर्धा काढली. खालची गल्ली म्हणजे आमची. तिथं आरसासुद्धा चार घरांत मिळून एक. मास्तरांचा पेटी-कॅमेरा घरोघर फिरणार, पण फिल्म मिळत नसल्यानं प्रत्येकानं एकच फोटो काढायचा. अव्वल येईल त्याला तो कॅमेराच बक्षीस! परीक्षक होते खाजामियाँ, रेशनच्या ज्वारीचे मुन्शी.

शेजारच्या आयुबनं आपल्या शेळीचा फोटो काढला. शेळी हलली. मी पोट धरून हसलो आणि ठरवलं, आपला फोटो हलता कामा नये.

म्हणून मी पलीकडच्या गंगम्मांना गाठलं. एकट्या बाई, रेशनच्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या. रोज सकाळी ओट्यावर मांडी घालून पूजा करायच्या. कपाळभर विभूती, तळहातावर इष्टलिंग. याहून चांगला फोटो कुठं मिळणार?

“अव्वा, हलू नका!”

“श्वास तरी घिऊ का न्हाय?”

“तो पण नका घेऊ!”

ऊन थेट तोंडावर येत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि मी खटका दाबला.

महिन्यानं निकाल लागला. विरुपाक्ष अव्वल! म्हणजे मी! मास्तरांनी फोटो मोठा करून आणला, चौकटीत बसवून वाचनालयाच्या दारात टांगला आणि कौतुकानं त्याला झेंडूचा हार घातला. हार दिसल्यावर शिपायानं सवयीनं उदबत्ती लावली. कॅमेरा मला शुक्रवारी, म्हणजे निजामी सुट्टीच्या दिवशी, चारचौघांत मिळणार होता.

आता आमच्यात, म्हणजे लिंगायतांत, माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, हातात लिंग देतात. ऐपत असली तर तसाच शेवटचा फोटोही काढतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त वेळेला आठवलं नाही.

बाजाराच्या दिवशी मुरूम गावाहून गंगम्मांचे थोरले भाऊ महालिंगप्पा आले. वाचनालयासमोर थबकले आणि तिथूनच हंबरडा फोडत गल्लीत शिरले. मागं अर्धा बाजार! गंगम्मा पाण्याला गेल्या होत्या. येऊन बघतात तर आपल्याच ओट्यावर रडारड. आमच्याकडं आधी रडायचं आणि मग विचारायचं. त्यांनी घागर ठेवली, भावाशेजारी बसल्या आणि मोठ्यानं गळा काढला.

“कवा गेली गं?” महालिंगप्पांनी मान न उचलता विचारलं.

“मला कुठं ठावं? म्या आत्ताच आले. कोन गेलं?”

“अगं, आपली गंगव्वा गेली!”

“अरं देवा!” गंगम्मा आणखी जोरात रडल्या. मग एकदम थांबल्या. “कंची गंगव्वा?”

महालिंगप्पांनी मान उचलली आणि ते ओट्यावरून खाली पडले.

इथवर सगळ्यांनी हसून घेतलं. खरं संकट आलं गुरुवारी. गंगम्मा रिकामी पिशवी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

“मुन्शीनं यादीतनं नाव काटलंय माजं. मेलेल्याला ज्वारी न्हाय म्हनं! तुज्या फोटूनं मारलं, आता तूच जित्ती कर.”

मी त्यांना घेऊन तडक रेशनच्या दुकानात गेलो. “मुन्शीजी, बघा, अव्वा जिवंत हायत!”

खाजामियाँनी चष्मा पुसून बघितलं. “व्हय की! मग फोटोत?”

“तवाबी जिवंतच हुत्या.”

“या अल्ला!” त्यांनी कपाळावर हात मारला. “मेलेली बाई इतकी जिंदा दिसती, म्हणून तर तुला अव्वल केलं! जिंदा बाई मेलेली दिसती, तर इनाम कायकू?”

त्यांनी कागद पुढं सरकवला. “लिहून दे, फोटो काढताना बाई हयात होती. ज्वारी आत्ता देतो. पण कॅमेरा गेला.”

खोटं कशाला सांगू? टाक हातात धरून मी चांगली दोन मिनिटं गंगम्मांकडं बघत राहिलो. रिकामी पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. ती दोन मिनिटं आठवली की मला अजून लाज वाटते.

“काय बघतूस रं? मरू व्हय मी?”

मी सही केली.

कॅमेरा आयुबला मिळाला. त्याच्या शेळीला फोटोत तीन शिंगं आली होती. पण ती मेलेली आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती!

मास्तर फोटो उतरवून आत न्यायला लागले, तेव्हा गंगम्मांनी तो त्यांच्या हातातून घेतला. मला बरं वाटलं. म्हटलं, निदान एकीला तरी कला कळली!

“आवडला न्हवं, अव्वा?”

त्यांनी पदरानं काच पुसली.

“ऱ्हाऊ दे घरात. खरीच येळ आली, तर पुन्यांदा तुज्याम्होरं बसाया नको!”